झरीचे विमान-कपाट

परभणीहून जिंतूरकडे जाणारी एसटी सुटली तेव्हा सकाळचे साडेआठ वाजले होते. रविवार असल्यामुळे गर्दी कमी असेल असा आमचा अंदाज होता, तो नेहमीप्रमाणे चुकला. दिवाळी होऊन पंधरा दिवस झालेले. गाडीत निम्म्याहून अधिक बायाबापड्या, त्यांच्या हातात दुमडलेली पोती, कमरेला बांधायच्या ओट्या, भाकरीची फडकी. सगळ्या कापूस वेचायला निघालेल्या. आमच्या मांडीवर मात्र एक जाडजूड दाखल-नोंदवही, रबरी शिक्का, शाईची डबी आणि डिंकाची बाटली. आमची सौभाग्यवती म्हणते, कारकुनाची सुट्टी म्हणजे दुसऱ्याच्या वह्या नीट लावायचा दिवस. ते खोटे नाही.

सोबत आमची कन्या होती. बारावी सायन्सला आहे. मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धे तिकीट झाले, तेव्हापासून आमच्या दौऱ्यांचा तिचा खर्च निम्म्यावर आला आहे, आणि तिच्या सोबत येण्याचे प्रमाण दुप्पट झाले आहे. बी.कॉम. झालेल्या माणसाला असले हिशेब आपोआप सुचतात. वाचकांनी हसू नये. पुढे याहून मोठा हिशेब येणार आहे.

झरी हे परभणी तालुक्यातले, जिंतूर रस्त्यावरचे मोठे गाव. दोन्ही अंगांना काळी जमीन. या दिवसांत तुरीला पिवळा फुलोरा आलेला असतो, सोयाबीन निघून रान मोकळे झालेले असते आणि मधेमधे कापसाचे पांढरे चौकोन दिसतात. निजामाच्या राजवटीत या पट्ट्यातला गावरानी कापूस नावाजलेला होता. पुढे नांदेडच्या संशोधन केंद्रातून ‘नांदेड-४४’ हा संकरित वाण निघाला, त्याने आमच्या लहानपणी घराघरांत चार पैसे आणले. नंतर बी.टी. आले, बोंडअळी आली, ते सारे वाचकांस ठाऊक आहे. वाण किती बदलले, पण बोंडातून कापूस काढायची रीत बदलली नाही. वाकायचे, बोटांनी ओढायचे, ओटीत टाकायचे. नखांच्या कडा सोलून निघतात. आमच्या आईच्या बोटांना आम्ही ते पाहिले आहे.

वस्तीतल्या विहाराला लागून दहा बाय बाराची एक खोली आहे. वर पत्रे, खाली शहाबादी फरशी, दोन बाकडी आणि भिंतीत लाकडी फळ्या. हेच वाचनालय. ते सरकारमान्य नाही. महाराष्ट्रात १९६७ चा सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा आहे, त्याखाली अ, ब, क, ड असे वर्ग पडतात आणि त्याप्रमाणे अनुदान मिळते. पण त्यासाठी नोंदणी पाहिजे, वर्गणीदार पाहिजेत, वह्या पाहिजेत. वह्यांपाशी गाडे अडले म्हणून आम्हांस बोलावणे आले. पुस्तके मोजली तेव्हा ४१२ भरली. बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांचे शासनाने छापलेले काही खंड, जुनी मासिके, पोलीस भरती आणि तलाठी परीक्षेची गाईडे, कोणीतरी लग्नात आहेर म्हणून दिलेल्या कादंबऱ्या आणि एका कोपऱ्यात वाळवीने चाळणी केलेला शब्दकोश. कोणी तरी मोठ्या हौसेने ‘कथा, कादंबरी, चरित्र, संकीर्ण’ अशा चिठ्ठ्या लावल्या होत्या. ‘संकीर्ण’मध्ये निम्मे वाचनालय मावले होते.

या दिवशी मुख्य काम मात्र वेगळे होते. वस्तीतून वर्गणी गोळा करून नवे लोखंडी कपाट आणले होते. चार खणांचे, हिरव्या रंगाचे, किल्लीचे. त्या कपाटात काय ठेवायचे आणि त्याला नाव कोणाचे द्यायचे यावर महिनाभर वाद चालू होता. तो मिटवायला आम्ही गेलो होतो, आणि खरे सांगायचे तर वादाचे मूळ आमच्याच घरात होते.

झाले असे की, वर्षावासात आम्ही इथे आलो असता मोठी माणसे ग्रंथवाचनाला बसली आणि पोरांचा गलका होऊ लागला. कन्येला म्हटले, यांना बाहेर बसवून काही तरी गोष्ट सांग. तिने शाळेच्या प्रकल्पासाठी मिळविलेली एक गोष्ट सांगितली. ती त्या पोरींच्या मनात अशी रुतली की कपाट येणार म्हणताच त्यांनी हट्ट धरला, कपाट ‘कापूस वेचणाऱ्या पायलटबाई’चे पाहिजे.

ही पायलटबाई म्हणजे बेसी कोलमन. जन्म २६ जानेवारी १८९२, अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात अटलांटा नावाच्या गावी. आईबापाची तेरा लेकरे, बेसी दहावी. बाप दुसऱ्याच्या जमिनीवर वाट्याने राबणारा. वडिलांच्या बाजूने मूळनिवासी रेड इंडियन रक्त, आईच्या बाजूने आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्यांचे. पुढे घर वॅक्साहॅची या गावी गेले. तिथे काळ्या मुलांसाठी एका खोलीची शाळा, जाण्यासाठी चार मैल चालायचे. आणि कापूस फुटला की शाळा बंद, कारण सगळी लेकरे रानात. बेसीचे गणित पक्के होते, म्हणून वेचलेल्या कापसाचा हिशेब घरात तिच्याकडे असे. आईला लिहिता-वाचता येत नव्हते. तरी वर्षातून एकदोनदा गाडीवरून फिरते ग्रंथालय येई, त्यातून ती लेकरांसाठी पुस्तके घेऊन ठेवी. आम्हांला या सगळ्या गोष्टीत ही आईच अधिक मोठी वाटते, पण ते असो.

१९१५ च्या सुमारास बेसी शिकागोला गेली आणि केशकर्तनालयात गिऱ्हाइकांची नखे साफ करण्याचे काम धरले. (बाबासाहेब त्याच वेळी न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात शिकत होते.) पहिल्या महायुद्धातून परतलेला भाऊ तिला चिडवायचा, फ्रान्सच्या बाया विमान चालवतात, तुम्ही काय चालवणार! त्या चेष्टेतून तिने मनात घेतले. अमेरिकेतल्या एकाही विमानशाळेने तिला प्रवेश दिला नाही. एक तर बाई, त्यात काळी. शिकागोत ‘डिफेंडर’ नावाचे काळ्या लोकांचे साप्ताहिक होते, रॉबर्ट अ‍ॅबट हे त्याचे संस्थापक. त्यांनी सल्ला दिला, फ्रान्सला जा. ती फ्रेंच शिकली, पैसे जमविले आणि नोव्हेंबर १९२० मध्ये बोटीत बसली. त्याच वर्षी जानेवारीत ‘मूकनायक’ निघाला होता आणि जुलैत बाबासाहेब पुन्हा लंडनला शिक्षणासाठी निघाले होते. एकमेकांचे नावही न ऐकलेली दोन माणसे एकाच वर्षी, एकाच कारणासाठी समुद्र ओलांडीत होती. आपल्या देशात दार बंद होते, एवढेच ते कारण.

सोम नदी समुद्राला मिळते तिथे ल क्रोत्वा हे गाव आहे. तिथे कोद्रों बंधूंची विमानशाळा होती. रोज नऊ मैल चालून ती शाळेत जाई. विमान कापड, लाकूड आणि तारांचे. हातात एक दांडा, पायाखाली एक आडवी पट्टी, एवढ्यावर ते वळवायचे. ब्रेक नाही. उतरल्यावर शेपटीखालची खुंटी जमिनीत रुतून विमान थांबायचे. तिच्या डोळ्यांदेखत एक शिकणारा मुलगा पडून मेला. तिने शिकणे सोडले नाही. १५ जून १९२१ रोजी तिला आंतरराष्ट्रीय हवाई संघटनेचा परवाना मिळाला. असा परवाना मिळविणारी ती जगातली पहिली काळी स्त्री.

परत आल्यावर ती विमानाच्या कसरती करून दाखवू लागली. डोक्यात एकच, काळ्या मुलांसाठी विमानशाळा काढायची. १९२३ मध्ये कॅलिफोर्नियात विमान पडले, पाय मोडला. बरी होऊन पुन्हा उडाली. वॅक्साहॅचीला, जिथे तिने कापूस वेचला होता तिथे, तिचा खेळ ठरला. गोऱ्यांना एक दरवाजा, काळ्यांना वेगळा, असा बेत. ती म्हणाली, दरवाजा एक नसेल तर मी उडणार नाही. दरवाजा एक झाला. आत गेल्यावर बसण्याच्या जागा मात्र वेगळ्याच राहिल्या. कन्येने हे सांगितले तेव्हा एक चिमुरडी म्हणाली होती, “अर्धंच झालं की मंग.” त्या पोरीचे आम्हांस फार कौतुक वाटले.

३० एप्रिल १९२६ रोजी फ्लोरिडातल्या जॅक्सनव्हिल येथे सरावाच्या वेळी तिचा मेकॅनिक विमान चालवत होता. दुसऱ्या दिवशी छत्रीने उडी मारायची होती, म्हणून खालची जागा वाकून पाहता यावी यासाठी तिने पट्टा बांधला नव्हता. विमान एकदम उलटे होऊन कोसळले. ती बाहेर फेकली गेली, मेकॅनिकही गेला. विसरून राहिलेला एक पाना विमानाच्या यंत्रणेत अडकला होता. वय चौतीस. शाळा झालीच नाही. तीन वर्षांनी तिच्या नावाने दुसऱ्यांनी लॉस एंजेलिसला विमान क्लब काढला. १९३१ पासून काळे वैमानिक शिकागोतल्या तिच्या कबरीवर विमानातून फुले टाकू लागले. सप्टेंबर १९९२ मध्ये मे जेमिसन ही पहिली काळी स्त्री अंतराळात गेली तेव्हा तिने बेसीचा फोटो बरोबर नेला होता. आणि शिकागोत ६३ व्या रस्त्यावर, वुडलॉन भागात, सार्वजनिक ग्रंथालयाची एक शाखाच बेसी कोलमनच्या नावाने आहे. ज्या शहरात ती लोकांची नखे घासत होती, तिथे आता तिच्या नावाच्या पाटीखाली पोरे पुस्तके बदलायला येतात.

ग्रंथालयाच्या कामातले म्हणून आम्हांला याच शहरातल्या आणखी एका बाईंविषयी सांगितल्यावाचून राहवत नाही. व्हिव्हियन हार्श त्यांचे नाव. शिकागोच्या सार्वजनिक ग्रंथालयात शाखाप्रमुख झालेल्या त्या पहिल्या काळ्या ग्रंथपाल. १९३२ मध्ये त्यांच्या ताब्यात शाखा आली आणि त्यांनी आपल्या लोकांविषयीची पुस्तके, पत्रे, कात्रणे, हस्तलिखिते जमवायला सुरुवात केली. त्यांच्या नावाचा तो संग्रह आज शिकागोच्याच एका मोठ्या ग्रंथालयात आहे. कात्रण हे फेकायचे नसते, हे ज्यांना कळले त्यांचा इतिहास राहतो. बाबासाहेबांनी १९४६ मध्ये डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस या काळ्या विद्वानांना एक पत्र लिहिले होते. ते आज आपल्याला वाचता येते ते अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या ग्रंथालयाने डू बॉइस यांचे कागद जपले म्हणून. आपल्याकडची अशी किती पत्रे पावसाळ्यात चुलीला लागली असतील याचा विचार केला की कारकुनाचा जीव कळवळतो.

तर वाद असा होता. एक होतकरू तरुण, दोनदा पोलीस भरतीत थोडक्यात राहिलेला, तो म्हणाला, “सर, इथं भरतीची पुस्तकं पुरेनात, एका पुस्तकामागं सहा पोरं हायेत. अन् तुम्ही इमानाचं कपाट करायलेत.” त्याचे चूक नव्हते. मनातून आमचे मत त्याच्याच बाजूचे होते. महिना-दोन महिन्यांपूर्वी फोनवर आम्ही तसे बोललोही होतो. पोट भरल्यावर आकाश बघावे, असा आमचा कारकुनी स्वभाव.

एक निवृत्त गुरुजी दुसरा मुद्दा घेऊन बसले होते. नाव अमेरिकेतल्या बाईचे कशाला? आपल्याकडे माणसे नाहीत काय? नांदेड जिल्ह्यातल्या हस्तरा गावचे मूळ असलेले विवेक राम चौधरी ३० सप्टेंबर २०२१ ला हवाईदलाचे प्रमुख झाले, तीन वर्षे त्या पदावर राहिले. आपल्या शेजारचा माणूस सोडून शिकागो? गुरुजींचा मुद्दा बिनतोड वाटला. मग आम्हीही भर घातली. मुंबईचे श्रीकृष्ण वेलिणकर पहिल्या महायुद्धात इंग्रजांच्या हवाईदलात वैमानिक होते. जून १९१८ मध्ये फ्रान्सच्या आकाशात त्यांचे विमान पाडले गेले आणि शत्रूच्या ताब्यात असताना ते वारले. त्यांची कबर सोम परगण्यातच आहे. म्हणजे जिच्या मुखाशी बेसी तीनच वर्षांनी विमान शिकली, त्याच नदीच्या मुलखात. आणि बाईच पाहिजे असेल तर कॅप्टन सौदामिनी देशमुख आहेत. १९८५ मध्ये इंडियन एअरलाइन्सच्या, फक्त महिलांनी चालविलेल्या कलकत्ता-सिलचर फेरीच्या त्या कमांडर होत्या.

हे ऐकून एक मध्यमवयीन गृहस्थ पुढे सरकले. विमान मुळात आपल्या देशातच उडाले, १८९५ मध्ये मुंबईच्या चौपाटीवर तळपदे नावाच्या माणसाने उडविले, त्याचे पुस्तक आमच्या घरी आहे, ते पहिले ठेवा. हे गृहस्थ मायेने बोलत होते म्हणून आम्ही सौम्य शब्दांत सांगितले. शिवकर बापूजी तळपदे नावाचे गृहस्थ होते, खटपटेही होते, पण त्यांचे विमान उडाल्याचा त्या वेळचा पुरावा नाही. आणि ज्या वैमानिक शास्त्राच्या पोथीचा हवाला दिला जातो ती बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या पाच जणांनी १९७४ मध्ये तपासली. पोथी १९०४ च्या मागे नेता येत नाही आणि त्यातली विमाने उडू शकत नाहीत, असा त्यांचा निष्कर्ष आहे. राइट बंधूंचे विमान १७ डिसेंबर १९०३ ला पहिल्या खेपेस बारा सेकंद आणि एकशे वीस फूट उडाले. एवढेसेच, पण ते उडाले. गृहस्थांनी मान हलविली, पटले असे मात्र दिसले नाही. पुस्तक आणा, ‘कथा’ विभागात ठेवू, असे कन्या हळूच म्हणाली. आम्ही तिला डोळे वटारले.

दाराशी पायरीवर एक आजोबा बसले होते. ऐंशीच्या घरातले. त्यांना विमानाचे सांगायचे होते ते निराळेच. त्यांच्या वडिलांनी त्यांना सांगितलेले. निजामाच्या अखेरच्या काळात, १९४८ मध्ये, रात्रीबेरात्री आभाळात आवाज यायचा आणि माणसे दिवे विझवायची. ते कोणाचे विमान याचा गावाला पत्ता नसे. आम्ही त्यांना सांगितले की, सिडनी कॉटन नावाचा एक ऑस्ट्रेलियन वैमानिक त्या वर्षी कराचीहून निजामासाठी शस्त्रे आणत होता, बिदर आणि वारंगलला उतरवत होता. झरीवरून तीच विमाने जात होती की नाही हे कोण सांगणार. सप्टेंबरात पोलीस अ‍ॅक्शन झाली तेव्हा तर दिवसाढवळ्या विमाने आली आणि माणसे ज्वारीत जाऊन बसली.

मग आजोबा थोडे थांबले. म्हणाले, “बाबासाहेबाला बी शेवटी इमानानंच आणलं.” ६ डिसेंबर १९५६ च्या रात्री दिल्लीहून मुंबईला. खोलीत कोणी काही बोलले नाही.

त्यानंतरचे विमान एकदम २०१५ चे. त्या दुष्काळात सरकारने कृत्रिम पाऊस पाडायचे ठरविले, तेव्हाच्या औरंगाबादहून विमान उडायचे आणि ढगात रसायनाच्या नळकांड्या पेटवायचे. आवाज आला की सारी पोरे विमान बघायला बाहेर पळायची. पाऊस किती पडला ते मराठवाड्याला माहीत आहे. म्हणजे आमच्या लोकांनी विमान पाहिले ते कायम खालून. एकदा भीतीने, एकदा दुःखाने, एकदा पावसाच्या आशेने. आतून पाहिलेला त्या खोलीत एकही नव्हता. आम्हीही त्यात आलो.

आता तो मोठा हिशेब सांगतो. कन्या दहावीला असताना म्हणाली होती, मला पायलट व्हायचे आहे. आम्ही त्याच रात्री कागद घेऊन बसलो. व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्याला दोनशे तासांचे उड्डाण लागते, बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित लागते, डॉक्टरी तपासणी कडक. गोंदियाला आपल्याच राज्यात मोठी प्रशिक्षण संस्था आहे. पण खर्च? सगळे धरून पन्नास लाखांच्या पुढे. कापूस वेचणीची मजुरी किलोला दहा रुपये धरा. पन्नास लाख म्हणजे पाच लाख किलो कापूस. एक बाई दिवसभर मोडून पन्नास किलो वेचते. म्हणजे दहा हजार दिवस. एकही सुट्टी न घेता सत्तावीस वर्षे, आणि कापूस बाराही महिने फुटत राहिला पाहिजे. हा कागद आम्ही तिच्यापुढे ठेवला आणि म्हणालो, बेटा, डी.फार्मसीचे बघ. तिने कागदाकडे पाहिले आणि उठून गेली. तीन दिवस बोलली नाही. आम्ही घरात विजय मिळविला होता आणि जेवण गोड लागत नव्हते. त्यानंतर कधी तरी तिने ती बेसीची गोष्ट शोधून काढली असावी. कोणाला उत्तर म्हणून, ते आम्हांस झरीतच कळले.

कारण बारा वाजता, वाद रंगात आला असताना, एक बाई मुलीला न्यायला दारात आली. ओटी कमरेलाच होती, त्यात चिकटलेला कापूस. अर्ध्या दिवसाची वेचणी टाकून आली होती. मुलगी म्हणाली, “माय, थांब, कपाटाचं चाललंय.” बाईने थोडे ऐकले आणि सरळ आमच्या कन्येला विचारले, “त्या बाईच्या मायनं बी कापूसच येचला का?”

“हो मावशी. आणि धुणंभांडी केली.”

“अन् तिला वाचता येत व्हतं?”

“नाही.”

बाई काही वेळ त्या हिरव्या कपाटाकडे बघत राहिली. मग म्हणाली, “मंग ठुवा की तिचं नाव. आमच्या वर्गणीत आमचं बी आहे.” आणि मुलीला घेऊन न जाता तिथेच पायरीवर टेकली.

यापुढे वाद मिटला असे म्हणता येणार नाही, पण निर्णय झाला. नाव बेसी कोलमनचे. वरचे दोन खण स्पर्धा परीक्षांना, खालचे दोन विमानाला. होतकरू तरुण म्हणाला, खालच्या खणात उंदीर जातात. त्यावर गुरुजी म्हणाले, मग वरचे दोन विमानाला द्या, विमान वरच शोभते. असा आणखी अर्धा तास गेला. शेवटी वरचे दोन भरतीलाच राहिले आणि खाली उंदरांसाठी डांबराच्या गोळ्या आणायचे ठरले.

खालच्या खणात ठेवायला खरी पुस्तके अजून नाहीत. एक जुने छायाचित्रांचे पुस्तक, हवामानावरची एक पुस्तिका, शालेय भौतिकशास्त्राची दोन जुनी क्रमिक पुस्तके. म्हणून एक बॉक्स-फाईल उघडली, तिच्यावर ‘कात्रणे’ असे ठळक लिहिले. तिच्यात हस्तऱ्याच्या चौधरींची बातमी गेली. १८ जून २०१६ ला हवाईदलात पहिल्या तीन महिला लढाऊ वैमानिक दाखल झाल्या, ती गेली. आणि एक कागद आम्ही स्वतःच्या हाताने लिहून घातला, तो पालकांसाठी होता. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२१ च्या आदेशानंतर खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत मुली जाऊ लागल्या आहेत. २०२२ मध्ये पहिली तुकडी गेली. तिथे हवाईदलाच्या तुकडीत प्रवेश मिळाला तर शिक्षणाचा आणि उड्डाणाचा खर्च सरकारचा. परीक्षा वर्षातून दोनदा केंद्रीय लोकसेवा आयोग घेतो. तयारीसाठी छत्रपती संभाजीनगरला मुलांची सैनिकी सेवापूर्व संस्था १९७७ पासून आहे, नाशिकला मुलींची २०२३ मध्ये सुरू झाली. जागा मोजक्या, परीक्षा अवघड. पण पाच लाख किलो कापसापेक्षा हे गणित सुटण्याजोगे आहे. हा कागद लिहिताना आम्ही मान वर केली नाही. शेजारी कन्या बसली होती आणि आम्ही काय लिहितो ते वाचत होती. दोन वर्षांपूर्वी हाच कागद आम्ही का लिहिला नाही, असे तिने विचारले नाही.

दाखल-नोंदवहीत ४१३ क्रमांकाची नोंद कन्येच्या हस्तलिखिताची झाली. वहीच्या आकाराची सोळा पाने, बेसीची गोष्ट सोप्या मराठीत, मधे मधे हाताने काढलेली विमाने. शीर्षक, लेखक, पाने, किंमत असे रकाने असतात. किंमतीच्या रकान्यात काय लिहावे यावर आम्ही अडलो, शेवटी ‘भेट’ लिहिले. शिक्का मारला. पहिली देवघेव लगेच झाली. त्या पायरीवर बसलेल्या बाईच्या मुलीने वही मागितली आणि विचारले, किती दिवस ठेवता येते? आम्ही म्हणालो, पंधरा दिवस. तिची आई म्हणाली, “रातच्याला वाचून दाखवील मला. लाइट राहिली तर.” मुलीने देवघेव वहीत सही केली. नाव पूर्ण लिहिले, आईचे नाव मधे घालून.

परतीची गाडी संध्याकाळी साडेपाचला मिळाली. पुन्हा त्याच बाया, आता पोती रिकामी आणि अंगावर कापसाचे तंतू. उभ्यानेच प्रवास. कन्येला खिडकी मिळाली होती, ती एका आजीला देऊन ती आमच्या शेजारी दांडा धरून उभी राहिली. पश्चिमेला उंचावरून एक विमान जात होते, त्याची पांढरी रेघ सूर्याच्या उजेडात तांबूस झालेली. ते कुठले, कुठे चालले, तिने सांगायचा प्रयत्न केला. आवाजात काही ऐकू येईना. मग कानाशी येऊन म्हणाली, “बाबा, एनडीएचा फॉर्म निघाला की नाही ते बघायचं राहिलं.”

आम्ही खिशातली डायरी काढली. गाडी हेलकावे खात होती, तरी उद्याच्या तारखेखाली लिहून घेतले.